साडूच्या गवतापेक्षा बोटभर उंच

मर्वानच्या अंगणात गवत अंथरलं गेलं त्या दिवसापासून अदीब गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तपासायला जरा जास्तच वेळा जाऊ लागला. टाक्यांना काही झालेलं नव्हतं. पण गच्चीवर जायला माणसाला काहीतरी कारण लागतं, आणि टाकी ठोकून पाहता पाहता शेजारच्या अंगणात नजर गेली तर त्याला कोणी डोकावणं म्हणत नाही.

मर्वान त्याचा साडू. अदीबची सुहेला आणि मर्वानची नजाह, या दोन बहिणींनी हट्ट धरून इर्बिदच्या या गल्लीत भिंतीला भिंत लावून घरं बांधायला लावली, त्याला आता जमाना झाला. अदीबने आयुष्यभर सरकारी शाळेत भूगोल शिकवला. मर्वान कुवेतला जाऊन टायर विकून आला. जगाच्या नकाशावर कुवेत कुठे आहे हे मर्वानला अदीबनेच दाखवलं होतं, आणि ही गोष्ट अदीब अजून विसरला नव्हता. मर्वानला तीन मुलगे, थोरला हैथम, तिघेही परदेशात मार्गी लागलेले. अदीबला एक मुलगी, लमीस. मर्वानच्या गाडीला सावलीची पत्र्याची शेड. अदीबच्या गाडीवर कबुतरं. अशी यादी बरीच लांबते, आणि अदीबला ती पाठ होती.

त्यात आता गवत.

गवत प्लास्टिकचं होतं. हे अदीबने गल्लीत ज्याला त्याला सांगून पाहिलं, पण कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. उलट लोक म्हणत, तेच बरं की उस्ताद, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, खऱ्या गवताला काय पाजायचं? मर्वान रोज सकाळी खराट्याने ते गवत उलट्या दिशेने विंचरून उभं करायचा. कुवेतहून आणलेल्या पांढऱ्या झग्यात, हळूहळू, घोड्याची आयाळ विंचरावी तसा. फक्त जुलैत एका दुपारी तो अनवाणी अंगणात आला, प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं, आणि पार दारापर्यंत टुणटुण उड्या मारत गेला. अदीबने ते गच्चीवरून पाहिलं. त्या उन्हाळ्यातला त्याचा तेवढाच काय तो सुखाचा दिवस.

अदीबच्या अंगणात होती ती चिकणमाती. हौरानच्या मैदानातली ती प्रसिद्ध तांबडी माती, जिच्यावर रोमन लोकांनी गहू पिकवला असं त्याने मुलांना कौतुकाने शिकवलं होतं. रोमनांना तिच्यावर खुर्च्या मांडायच्या नव्हत्या. उन्हाळ्यात ती अशी भेगाळायची की सुहेलाचे चमचे, गुंड्या, एकदा तर लमीसच्या कानातलं तिने गिळलं होतं. हिवाळ्यातल्या पावसात ती फुगायची, आणि फाटकापासून दारापर्यंत येणारा माणूस निघताना असायचा त्यापेक्षा दोन इंच उंच होऊन घरात शिरायचा.

तरी हे सगळं अदीबने पोटात ठेवलं असतं. पण लमीसचं लग्न ठरलं.

मुलगा अजलून गावचा, तिच्याच औषधांच्या दुकानात येऊन जाऊन ओळख झालेला. रीतीप्रमाणे त्यांच्याकडून जाहा येणार होती. मुलाकडची पन्नासेक वडीलधारी पुरुषमंडळी मुलीच्या दारी येतात, त्यांच्या म्होरक्यापुढे कॉफीचा कप ठेवला जातो, आणि मुलीच्या बाजूने होकार मिळेपर्यंत तो कपाला ओठ लावत नाही. होकार सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, मुलाच्या आईने हॉलसुद्धा ठरवलेला असतो. पण त्या कपासमोर बसलेली पन्नास माणसं खरोखर मुलीच्या बापाच्या तोंडाकडे बघत असतात. गरिबातल्या गरीब माणसालाही तेवढा वेळ सुलतानासारखं बसता येतं.

प्रश्न एवढाच होता की बसायचं कुठे. दिवाणखान्यात दाटीवाटीने वीस माणसं मावली असती.

"भाओजी म्हणत होते," सुहेला जेवताना म्हणाली, "आमच्या अंगणात बसवू. मधे एक भिंतच तर आहे. नजाहने खुर्च्यांचंही सांगून ठेवलंय."

अदीबचा घास हातातच राहिला. माझ्या मुलीला मागणी घातली जाणार ती मर्वानच्या गवतावर. अजलूनचे लोक म्हातारे झाल्यावर नातवंडांना सांगणार, मर्वानकडे गेलो होतो बरं का, काय अंगण होतं. आणि बाप? होता तोही तिथेच कुठेतरी.

"माझ्या मुलीला मागणी माझ्या अंगणात घातली जाईल," तो म्हणाला.

"चिखलात?"

"गवतावर."

हे त्याच्या तोंडून निघालं तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. पण भूगोलाचा मास्तर एकदा बोलला की नदी उगमाकडे वळत नाही. लमीस पाणी पीत होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मला नवरा हवाय. मैदान नको." हे वाक्य पुढे वेगळ्याच अर्थाने खरं ठरायचं होतं.

इर्बिदमध्ये गल्लीत खडा भिरकावला तर तो इंजिनियरला लागतो, आणि नेम चुकला तर त्याच्या भावाला लागतो, जो डॉक्टर व्हायचा राहून इंजिनियर झालेला असतो. अदीब गवत घालणार ही बातमी पसरली तशी मंडळी संध्याकाळच्या चहाला जमू लागली. समोरचा रस्ते-इंजिनियर म्हणाला, चिकणमाती पाणी पीतही नाही आणि सोडतही नाही, सासूसारखी. हातभर खणून काढा, खडी भरा, धुम्मस मारा, आणि भोकं पाडलेला पाइप घालून पाणी बाहेर काढा. वरच्या मजल्यावरच्या वीज-इंजिनियरने खडीच्या वर वाळू सांगितली. कोपऱ्यावरचा फलाफलवाला कसलाच इंजिनियर नव्हता, त्यामुळे त्याचं मत सर्वांत ठाम होतं: वाळूवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर खालून रान उगवेल. ज्या गावात मुद्दाम लावलेलं उगवत नाही तिथे प्लास्टिकखालून काय उगवणार हे कोणी विचारलं नाही. अदीबने कोणाचं मन मोडायचं नाही असं ठरवलं आणि सगळ्यांचंच ऐकलं. कंत्राटदार मुअल्लिम झैदान याचं कशालाच ना नसायचं. त्याला काहीही सांगा, तो छातीवर हात ठेवून "हाजिर" म्हणायचा. त्याला विहीर गच्चीवर खणायला सांगितली असती तरी तो हाजिरच म्हणाला असता.

खोदाई सुरू झाली. खड्ड्यातून निघालेली माती खड्ड्यापेक्षा जास्त असते, हे भूगोलाच्या एकाही पुस्तकात दिलेलं नाही. फाटकाबाहेर तांबडा डोंगर उभा राहिला. ट्रकवाले येत, माती चिमटीत घेऊन चोळत, आणि "चिकणमाती? तिला कोण घेतं?" असं म्हणून निघून जात. डोंगर हळूहळू मर्वानच्या फाटकापर्यंत सरकला आणि त्याची गाडी आत अडकली.

आता तो येणार, काहीतरी बोलणार. अदीबने उत्तर तयार ठेवलं. उत्तरात कुवेतही होतं. पण मर्वान आला नाही. तो सकाळी डोंगराला वळसा घालून पायी रोटी आणायला जायचा, आणि परत येताना अदीबसाठीही गरम रोटी आणायचा. "होऊ दे निवांत," म्हणायचा, "डॉक्टरांनी मला चालायलाच सांगितलंय." अदीबचं ते सुंदर उत्तर वापराविना सडून गेलं. माणसाने किती खालच्या थराला जावं याला काही मर्यादा असते.

मग गवत. अदीबची अट एकच होती, गवत मर्वानच्या गवतापेक्षा उंच पाहिजे. त्यासाठी मर्वानचं किती उंच आहे हे कळायला हवं. एका दुपारी नजाहला ऑलिव्हची बरणी परत द्यायच्या निमित्ताने तो पलीकडे गेला, आणि अंगणात कोणी नाही असं बघून लमीसच्या शाळेतली फूटपट्टी घेऊन उकिडवा बसला.

"काय हरवलं, अबू लमीस?" मर्वान दारात उभा. लमीसचा बाप म्हणून तो अदीबला याच नावाने हाक मारायचा.

"गुंडी," अदीब म्हणाला.

झालं. मर्वान झगा सावरून गुडघ्यांवर बसला. दोघे साडू भर दुपारी गवत चिवडत रांगत होते. नजाह बॅटरी घेऊन आली. मर्वानने खराट्याने सगळं अंगण उलटं विंचरलं, मग सुलटं. अदीब दोनदा म्हणाला की जाऊ दे, साधी गुंडी होती. मर्वान म्हणाला, साधी कशी, तुझ्या कोटाची आहे. शेवटी त्याने आत जाऊन स्वतःच्या ठेवणीतल्या कोटाची एक गुंडी कापून आणली आणि अदीबच्या हातावर ठेवली. ती अदीबच्या कोणत्याही गुंडीपेक्षा चांगली होती. त्या रात्री तो जेवला नाही.

माप मात्र मिळालं होतं. दुकानदाराने मापाकडे पाहून डोकं हलवलं. एवढं उंच गवत घरासाठी येत नाही, ते फुटबॉलच्या मैदानाचं. त्याच्याकडे एक शिल्लक गुंडाळी होती, मर्वानच्या गवतापेक्षा बरोबर बोटभर उंच. फक्त तिच्यावर पांढरी रेघ होती. "लांबून दिसणार नाही," दुकानदार म्हणाला. ती चंद्रावरूनही दिसली असती. अंगणाच्या मधोमध आडवी रेघ, आणि डाळिंबाच्या झाडाशी अर्ध्या वर्तुळाची कमान. सुहेलाने पाहिलं आणि विचारलं, जाहाला गोलाशी बसवायचं की मध्यावर? अदीब म्हणाला, उंची बघ. ती म्हणाली, उंचीच बघतेय.

पण खरी कसोटी पाण्याची होती. खडीतून येणारं पाणी बाहेर कुठे सोडायचं? मर्वानचं पाणी जाळीतून सरळ रस्त्यावर जायचं. अदीब कायद्याने जाणारा माणूस, म्हणून तो परवानगी विचारायला गेला, आणि हीच त्याची चूक. एका कचेरीत सांगितलं की पाइपातून पाणी रस्त्यावर सोडता येणार नाही. आपलं आपण वाहत आलं तर हरकत नाही, पाइपातून आलं तर ते अर्ज करून आलं पाहिजे. अर्ज कुठे करायचा? पाणीखात्यात. पाणीखात्यातल्या कारकुनाने त्याला साल्व्हियाची सुगंधी पानं घातलेला चहा पाजला, त्याच्या मुलाला अदीबने शिकवलं होतं असं निघालं, आणि मग तो समजुतीने म्हणाला, "उस्ताद, पाऊस आमच्या मीटरमधून गेला तर ते पाणी. तोवर तो अल्लाहचा. त्याचा अर्ज आम्ही कसा घेणार?"

परत येताना बसमध्ये अदीबला ती कल्पना सुचली. त्याला वाटलं, न्यूटनला असंच वाटलं असेल, फक्त त्याला बसायला जागा होती.

घराखाली टाकं होतं. प्रत्येक जुन्या घराखाली असतं तसं, छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारं, दगडात खोदलेलं. मर्वानसारखं पाणी बेवारशासारखं रस्त्यावर का सोडायचं? कागदाच्या कडेच्या फटींतून खडीत उतरून गाळलेलं पाणी पाइपाने सरळ आपल्या टाक्यात. उतार बाहेर काढायच्या ऐवजी घराकडे काढायचा. ज्या गावात लोक भाजी धुतलेलं पाणी झाडाला घालतात आणि मगच झोपतात, त्या गावात असा माणूस जन्माला यावा याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं.

"हाजिर," मुअल्लिम झैदान म्हणाला.

रस्ते-इंजिनियर नकाशाकडे बराच वेळ बघत राहिला. "आणि उस्ताद, टाकं भरलं तर?"

अदीब हसला. सुहेला हसली. वरचा वीज-इंजिनियरही हसला. टाकं भरलं तर! इर्बिदमध्ये माणसं टाकं रिकामं आहे म्हणून रडतात, कर्ज काढून टँकर आणतात, शेजाऱ्याशी बोलणं सोडतात. टाकं भरल्याची तक्रार घेऊन आजवर कोणी कोणाच्या दारात गेलेलं नव्हतं. शेवटी रस्ते-इंजिनियरही ओशाळून हसला आणि चहा घेऊन गेला.

पहिला पाऊस बेताचाच पडला. अदीबने मर्वानला हाताला धरून टाक्याच्या झाकणापाशी आणलं. "ऐक," तो म्हणाला. मर्वानने वाकून कान लावला. आत खोलवर पाणी पडत होतं, टप टप नाही, चांगलं धारेने.

"वा," मर्वान म्हणाला. "माझं सगळं रस्त्यावर जातं रे." आणि तो आणखी थोडा वेळ वाकून ऐकत राहिला.

त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघताना अदीबला जे वाटलं ते त्याने लग्नातही अनुभवलं नव्हतं. पुढे दोन दिवस नळाला तांबडं पाणी आलं, लमीस आंघोळ करून आली आणि म्हणाली की तिचे केस फुकटात रंगले, पांढरे रुमाल विटकरी झाले. पण अदीबचं समाधान ढळलं नाही. गाळ बसेल, तो म्हणाला. बसायला हवं ते सगळंच एक दिवस बसतं.

जाहाच्या आधी आभाळ फाटलं. सलग पाऊस, गच्चीवरून धो धो पाणी टाक्यात, अंगणातून टाक्यात. अदीब झाकण उघडून बघायचा आणि सुहेलाला हाक मारून दाखवायचा, बघ कसं चढतंय. शुक्रवारी सकाळी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं. आणि अंगण! एक थेंब वर साचलेला नाही, धुतलेलं हिरवंगार गवत, मधोमध पांढरीशुभ्र रेघ. गच्चीवर जाऊन त्याने दोन्ही अंगणं शेजारी शेजारी पाहिली. त्याचं उजवं होतं. आता यात शंका नव्हती.

मर्वान खुर्च्या लावायला मदतीला आला. एक पाऊल टाकून तो थबकला. मग दुसरं टाकून बघितलं. "अबू लमीस, खाली काहीतरी हलतंय."

"उंच आहे ना," अदीब म्हणाला. "तुला सवय नाही."

मर्वान खुर्च्या उचलायला वळला. खाली काय झालं होतं ते एव्हाना कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. टाकं काठोकाठ भरलं होतं. छपरावरून येतच राहिलेलं पाणी ज्या पाइपाने अंगणातून आलं त्याच पाइपाने उलटं अंगणात शिरलं होतं, खडीत भरलं होतं, खालची चिकणमाती ते पीत नव्हती, कडेच्या फटी गाळाने बुजल्या होत्या, आणि वरून फलाफलवाल्याचा प्लास्टिकचा कागद त्याला बाहेर पडू देत नव्हता. अदीबने घराच्या दारात पाण्याची एक प्रचंड गादी घालून ठेवली होती, आणि तिच्यावर तो आता अजलूनची प्रतिष्ठित माणसं बसवणार होता.

जाहा आली. रेघेच्या पलीकडे मुलाकडची पन्नास माणसं, अलीकडे मुलीकडची पंधराएक. म्होरके होते शेख दैफुल्ला, अंगावर उंटाच्या लोकरीचा पायघोळ अबाया, वजन खाशा मेंढ्याचं, आवाज त्याहून भारी. त्यांच्यापुढे कप ठेवला गेला. त्यांनी तो न बघताच बाजूला सारला आणि बोलायला उठले. शेख दैफुल्लांनी आयुष्यात कधी छोटं भाषण केलेलं नव्हतं. आदमपासून सुरुवात झाली.

ते नूहपर्यंत, म्हणजे महापुरापर्यंत, पोचले तेव्हा अदीबला पहिल्यांदा शंका आली. समोरची मंडळी जराशी बुटकी दिसू लागली होती. पलीकडे वजन जास्त, अलीकडे कमी. पलीकडची गादी दबत होती आणि अलीकडची फुगत होती. मुलाकडचे सावकाश खाली चालले होते, मुलीकडचे वर येत होते, आणि मधली पांढरी रेघ आता घसरगुंडीवर आखल्यासारखी दिसत होती. मुलीकडची बाजू वरचढ, असं म्हणतात खरं, पण इतकं शब्दशः कोणी करत नाही. अदीबचे पाय जमिनीवरून सुटले. तो चेहरा गंभीर ठेवून तरंगत राहिला.

मग कुठलीशी खुर्ची कागदातून आरपार गेली. दुसऱ्या रांगेत एका काकांच्या बुटाशी तांबड्या पाण्याचं कारंजं उडालं. मग दुसरं. मग खुर्च्यांच्या पायांगणिक एक. अबायांच्या कडा भिजत वर चढत होत्या. पण एक माणूस उठला नाही. कप भरलेला असताना जाहा उठत नाही. तसं करणं म्हणजे मागणी मागे घेणं. पन्नास माणसं घोट्याएवढ्या चिखलपाण्यात, नजर समोर, जणू आपले पाय आपले नाहीतच अशी बसून राहिली. शेख दैफुल्लांनी एकदा खाली पाहिलं, झगा किंचित उचलला, आणि तितक्याच ठणठणीत आवाजात दोन्ही घराण्यांचा इतिहास पुढे सुरू ठेवला. वर खिडकीत बायका होत्या. तिथून आवाज येत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

अखेर शेखांनी हात पसरले आणि अजलूनच्या मुलासाठी लमीस मागितली. म्हणाले, तुमच्या उत्तराशिवाय ही कॉफी आम्हाला हराम आहे. आणि खाली बसले. त्यांच्या बसण्याने पलीकडचं उरलंसुरलं पाणी अलीकडे आलं.

अदीब उत्तर द्यायला उभा राहिला. त्याने भाषण पाठ केलेलं होतं, चांगलं लांब, मर्वानच्या तोंडात बोट जाईल असं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. पायाखालचं गवत बाजूला सरकलं, आणि तो फतकल मारून पाण्यात बसला.

कोणी हसलं नाही. पासष्ट माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. पाणी गार होतं. त्याने तोंड उघडलं. भाषण तिथे होतं, पहिलं वाक्य अगदी जिभेवर होतं, पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं. हे लोक लमीसला मागत होते. इतके दिवस खडी, वाळू, उतार, उंची या सगळ्यात ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. तो हो म्हणाला की ती जाणार. कार्य माझ्या अंगणात होणार, ही अट त्याने मिळवली होती. त्यापुढे काय म्हणायचं ते त्याला आता सुचेना.

शेखांपुढे कप तसाच होता. अदीबने मान वळवली. शेजारी मर्वान बसला होता, घोटाभर पाण्यात, त्याचे कुवेतचे बूट तांबडे झालेले.

"अबू हैथम," अदीब कसाबसा म्हणाला, "तू सांग."

मर्वान लगेच उठला नाही. त्याने अदीबकडे पाहिलं, खरंच का, असं. मग उठला, आणि पडू नये म्हणून एक हात अदीबच्या खांद्यावर ठेवून उभा राहिला.

"शेख," तो म्हणाला, "आमच्या घरात एकच लेक आहे. ती तुम्हाला दिली. कॉफी घ्या आता, नाहीतर कपात बाहेरून पाणी शिरेल."

मग शेख दैफुल्लांचं पोट हलायला लागलं, आणि सगळ्या अंगणात हशा फुटला, वर खिडकीत तर टाळ्या आणि जगरूत, बायकांच्या आनंदाचा जिभेवरचा किलकिलाट. कप रिते झाले. मग पासष्ट माणसं बूट हातात घेऊन, एकमेकांना धरून, भिंतीपलीकडे मर्वानच्या कोरड्या अंगणात पाकातला गोड कुनाफा खायला गेली.

अदीब मर्वानची विजार घालून कोपऱ्यात बसला होता. ती त्याला कमरेत दोन हात मोठी होती, आणि कापड उंची होतं. येणारा प्रत्येक जण आधी मर्वानपाशी जात होता. कपात पाणी शिरेल! असं बोलायला जन्मावं लागतं अबू हैथम. शेखांनी तर मिठीच मारली. अजलूनला हे वाक्य आज संध्याकाळीच पोचणार होतं. दोन वाक्यं, एक विनोद, आणि काम फत्ते. अदीबच्या भाषणात साडेतीन पानं फक्त प्रस्तावना होती. त्याची ताटली त्याच्या मांडीवर तशीच होती.

मर्वान गर्दीतून सुटून त्याच्या शेजारी येऊन बसला.

"तुझं होतं ते," म्हणाला. "मी घेतलं."

"मीच दिलं."

"दिलंस म्हणा." मर्वानने बूट काढून उलटे केले. "तीन पोरं मला. तीनदा जाहा घेऊन गेलो, तीन दारांत बसलो. मुलीचा बाप समोर कसा बसलेला असतो पाहिलंयस? मोठमोठी माणसं खोळंबलेली, आणि तो हो म्हणेपर्यंत घशाखाली काही उतरायचं नाही. दर वेळी मी त्या माणसाकडेच बघत बसायचो. पोराकडे लक्षच नाही. माझ्या दारात असं कोणी कधी येणार नव्हतं. म्हणून तर नजाहला म्हटलं, इथे बसवू या त्यांना. निदान माझ्या अंगणात."

अदीबने त्याच्याकडे पाहिलं. हा झगा, हे गवत, ती पत्र्याची शेड.

"तुला," तो सावकाश म्हणाला, "हेवा वाटत होता? माझा?"

"संध्याकाळी मी इथेच बसतो," मर्वान म्हणाला. त्याने हनुवटीने भिंतीपलीकडे दाखवलं. इथून अदीबच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. आत लमीस कपांचा ढीग धूत होती, बाही वर सारून, आईला काहीतरी सांगत, हसत. "तिचं तुझ्याशी भांडण चाललेलं ऐकू येतं. चहात साखर किती, बातम्या कुठल्या लावायच्या. आमच्याकडे घड्याळ ऐकू येतं. पोरं शुक्रवारी फोन करतात, चांगली आहेत. आता तीही जाणार, तर तुझ्या खिडकीतही..." तो थांबला. "जाऊ दे. आज बोलायचं नाही ते."

अदीब खिडकीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने स्वतःचं घर या बाजूने पाहिलं नव्हतं. लमीसने कप उजेडात धरून बघितला आणि पुन्हा पाण्याखाली धरला. छातीत कुठेतरी दुखलं, आणि ते दुखणं नेहमीचं नव्हतं. पण त्याच्या बाजूलाच दुसरंही काहीतरी हललं, ऊबदार, जुन्या ओळखीचं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"हेवा."

मर्वानने विचार केला. "ती जन्मली तेव्हापासून, म्हण ना."

अदीबने ढिली विजार कमरेपाशी आवळून धरली, नीट मांडी घातली, ताटली पुढे ओढली आणि कुनाफ्याचा मोठा तुकडा मोडला.

"सांग," तो म्हणाला. "अगदी सुरुवातीपासून सांग."